घणाच्या दारातला पंप

मित्रांनो, मी एक जुना पाण्याचा पंप आहे, आणि मी रागावलेलो आहे. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगू लागल्या की बहुधा उसासे टाकतात, 'चालायचेच' म्हणतात आणि गप्प होतात. मला ते जमणार नाही. माझ्या डोळ्यांदेखत जे घडले ते ऐकल्यावर तुम्हालाही 'चालायचेच' म्हणता येऊ नये, म्हणूनच मी बोलतो आहे.

माझे अंग बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे आहे. हे लोखंड खाणीतून ताजे आलेले नव्हते. आमच्या कारखान्याच्या मागच्या रस्त्याला एक ओतशाळा होती. तिच्या अंगणात मोडके जिने, गटारांची फुटकी झाकणे, शिवणयंत्रांचे पाय, गंजलेले नळ असे सगळे भंगार येऊन पडत असे. ओतशाळेच्या मालकाच्या भुवया भट्टीसमोर उभे राहून राहून जळून गेल्या होत्या, म्हणून त्याला सगळे बिनभुवयांचे काका म्हणत. "लोखंड म्हातारं होत नाही रे, नुसते कपडे बदलतं," असे ते म्हणायचे. माझ्यात कुणाच्या जिन्याची पायरी आणि कुणाच्या शिवणयंत्राचा पाय आहे, हे मला ठाऊक नाही; पण मी जन्मलो तोच दुसऱ्यांच्या उरलेल्या आयुष्यातून, याचा मला अभिमान वाटे.

ओतशाळेतून मी कारखान्यात आलो. तिथे माझ्या पोटात तांब्याच्या तारेची वेटोळी बसवली, दांडा अडखळल्याशिवाय फिरावा म्हणून त्यावर बेअरिंग चढवले, पाणी ढकलणारा छोटा पंखा लावला आणि वर झाकण ठेवून ते बोल्टांनी आवळले. हा कधी ना कधी बिघडेल आणि तेव्हा याला उघडावे लागेल, असा विचार करणाऱ्या माणसांनी मला घडवले होते. बिघाड होणारच हे मान्य करून एखाद्याला जन्म देणे, यापेक्षा मोठी माया कोणती?

माझी पहिली नोकरी एका चार मजली इमारतीत होती. जिन्याखालच्या अंधाऱ्या खोलीत बसून मी खालच्या टाकीतले पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवत असे. सकाळी वरच्या मजल्यावरच्या आजी खिडकीतून ओरडत, "अरे, पाणी सोडलं का?" आणि रखवालदार खटका दाबून उत्तर देई, "हा बघा, तुमचा गडी लागला कामाला!" त्या घरांतली मुले माझ्या पाण्याने तोंड धूत, त्यांच्या आया माझ्या पाण्याने भांडी घासत. कुणी माझे नाव काढत नसे. पाणी येत असताना पंपाची आठवण कोणाला होते? पण रखवालदार खोलीतून बाहेर पडताना माझ्या पाठीवर एक थाप मारून जाई. मला तेवढी पुरत होती.

पुढे माझे बेअरिंग झिजले. मी फिरताना किंचाळू लागलो. त्या काळी आमच्या कारखान्याची एक चांगली रीत होती. नवे पंप पोचवून जे ट्रक रिकामे परतत, तेच थकलेले पंप परत घेऊन येत. ज्या लाकडी खोक्यातून मी गेलो होतो, तसल्याच खोक्यातून मी माहेरी आलो. आणि तिथे मला पानामावशी भेटल्या.

पानामावशी दुरुस्ती विभागाच्या प्रमुख होत्या. त्यांच्या कोटाच्या खिशात कायम एक पाना असे, म्हणून हे नाव. त्या शिकून सवरून, परीक्षा देऊन त्या जागी बसल्या होत्या आणि ही गोष्ट त्या कोणाला विसरू देत नसत. आवाज खणखणीत, बोलणे फटकळ. मोठे साहेबही त्यांच्या दारावर टकटक करून आत येत. पण पंपांशी त्या वेगळ्याच बोलत. मला टेबलावर ठेवून त्यांनी माझे झाकण काढले, आत नजर टाकली आणि म्हणाल्या, "काय रे ठोंब्या, एवढासा काटा रुतला आणि एवढी बोंबाबोंब?" त्यांनी झिजलेले बेअरिंग काढले, नवे बसवले, मला पुसूनबिसून रंग दिला. तेव्हापासून मी ठोंब्या झालो.

नंतर मी एका धोबीखान्यात राबलो, आणि मग फुलझाडांच्या एका रोपवाटिकेत. मधे एकदा परत येऊन गेलो, तेव्हाही मावशींनी "आला का ठोंब्या?" म्हणूनच मला टेबलावर घेतले. याच सुमारास त्यांच्या मुलीचे लग्न झाले. मुलीने आमच्याच कारखान्याच्या खरेदी विभागातला एक हुशार, शांत साहेब पसंत केला होता. गंमत अशी, की कामावर मावशी त्याला 'साहेब' म्हणत आणि घरी 'जावईबापू'. कामावर त्या 'जावईबापू' म्हणाल्या, की सगळा विभाग मान खाली घालून हसे. कारण आता साहेबांची धडगत नाही, हे सर्वांना कळून चुके.

मित्रांनो, इथपर्यंतची माझी कहाणी सुखाची आहे. इथून पुढे मला राग आवरत नाही.

रोपवाटिकेत माझे बेअरिंग पुन्हा झिजले आणि मला पुन्हा कारखान्यात पाठवले. मी खुशीत होतो. ट्रक थांबला, मागचे फळकूट खाली पडले, आणि मला मावशींच्या टेबलाऐवजी अंगणापलीकडच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये नेऊन टाकले. आत दोन माणसे घण घेऊन उभी होती. त्यांच्यापुढे आमच्यातलाच एक पंप आडवा पडला होता. घण उठला, खाली आला आणि त्याचे बिडाचे अंग मातीच्या माठासारखे फुटले. तांब्याची वेटोळी बाहेर सांडली. ती लखलखीत होती. एकही तार जळलेली नव्हती.

झाले होते असे. कारखान्याचे थोरले मालक थकून घरी बसले होते आणि त्यांचा पुतण्या नवा मालक झाला होता. त्याचे म्हणणे होते, की दुरुस्त केलेला एक पंप चालू राहिला तर आपला एक नवा पंप खपत नाही. म्हणून दुरुस्ती विभागाला टाळे लागले. नवे पंप प्लास्टिकच्या अंगाचे निघू लागले. त्यांना बोल्टच नव्हते. झाकण चिकटवून कायमचे बंद केलेले. ही प्लास्टिकची अंगे समुद्रापलीकडच्या कुठल्याशा कारखान्यातून येत, आणि इकडे मागच्याच रस्त्यावरची बिनभुवयांच्या काकांची भट्टी कामाविना थंड पडत चालली होती. परत आलेला प्रत्येक पंप फोडायचा, म्हणजे बाहेरचा कुणी कारागीर तो नीट करून विकणार नाही, असा हुकूम सुटला होता. हुकुमावर सही होती खरेदीसाहेबांची. आमच्या मावशींच्या जावयाची.

मी शेडमध्ये पडलेला असतानाच मावशी तिथे आल्या. फोडकामावर देखरेख करायची, असे त्यांना सांगण्यात आले होते. त्यांनी ढिगाकडे पाहिले. मागोमाग जावई आला.

"आई, जरा ऐका," तो हळूच म्हणाला.

"इथे मी तुमची आई नाही. हे काय चाललंय, ते सांगा."

"वरून आलंय. मी नुसती सही केली."

"फाशी देणारासुद्धा नुसता खटकाच ओढतो, जावईबापू."

घणवाल्यांनी घण खाली टेकवले. जावयाचे कान लाल झाले. "आई, सगळे बघतायत," तो म्हणाला.

"बघू देत की! इतकी वर्षं मी यांना जिवंत करून बाहेर धाडलं, आणि आता मीच उभं राहून यांना मारायचं? सुईणीला खाटीक करायला निघालात का?"

"तुम्ही नाही म्हणालात तर तुम्हाला पॅकिंगला पाठवतील. माझ्या हातात काही नाही."

"हात आहेत ना? मग त्यांत काही नाही कसं?" असे म्हणून मावशींनी खिशातला पाना काढला, पुन्हा आत ठेवला आणि त्या तरातरा निघून गेल्या. दुसऱ्या दिवसापासून त्या पॅकिंग विभागात होत्या. चिकटवलेले नवे पंप थर्माकोलमध्ये बसवायचे, त्यावर प्लास्टिक गुंडाळायचे, त्यावर पुठ्ठ्याचे खोके चढवायचे. परत येणारी लाकडी खोकी केव्हाच चुलीत गेली होती.

आणि मी? माझी पाळी यायच्या आत एक फालतू गोष्ट घडली. शेडचे दार वाऱ्याने सारखे आपटत होते. त्याचा आवाज सहन न होऊन एका घणवाल्याने मला पायाने ढकलत नेले आणि दाराला टेकण म्हणून लावून ठेवले. ज्याने चार मजले पाणी चढवले, धोबीखाना चालवला, हजारो रोपांना प्यायला दिले, तो दाराला टेकण! माझा जीव वाचला हे खरे. पण कसा वाचला ते आठवले, की आजही माझे अंग तापते.

त्या दारात बसून मी सगळे पाहिले. फक्त खोके भिजले म्हणून परत आलेला नवाकोरा पंप मी फुटताना पाहिला. रंगावर एक ओरखडा होता म्हणून आणलेला पंप पाहिला. त्याच्या अंगावरचा कागदही अजून निघालेला नव्हता. चालू पंप, मित्रांनो! खटका दाबला असता तर पाणी देणारे! माणसे आजाऱ्याला मारत नाहीत आणि इथे धडधाकटांना मारत होती. बेअरिंगे, पंखे, तांबे, बीड, सगळ्याचा एकच काला करून ट्रकमध्ये भरत आणि दूर कुठेतरी पाठवून देत.

एके दुपारी जेवणाच्या सुट्टीत दोन घणवाल्यांपैकी थोरला ढिगाकडे बघत बसला होता. "आमच्या वस्तीत नळाला जोर नाही," तो म्हणाला. "बायको खालून डोक्यावर हंडे आणते. तिचे गुडघे गेले. आणि मी दिवसभर इथे पंप फोडतो."

"एखादा माग की," धाकटा म्हणाला.

"मागितला. म्हणाले, फोडायचा माल द्यायचा नाही. विकतही द्यायचा नाही. नियम आहे."

सुट्टी संपल्यावर थोरला उठला आणि त्याने पहिला घाव इतक्या जोराने घातला, की घणाचा दांडाच मोडला. तो घाव कोणावर होता, हे मला समजले होते.

त्याच आठवड्यात फाटकावर एक भलामोठा फलक लागला. त्यावर एक हिरवे पान होते आणि खाली लिहिले होते, 'आम्ही पृथ्वीची काळजी घेतो'. मला दारातून तो फलक दिसे. मला हात असते, तर मी ते पान फाडले असते.

पण म्हणतात ना, खड्डा खणतो तो आधी त्यातच उतरतो. समुद्रापलीकडून येणारी प्लास्टिकची अंगे एकाएकी यायची थांबली. तिकडचा कारखाना म्हणे काही कारणाने बंद पडला होता. इकडे आमच्या कारखान्यात तारा होत्या, पंखे होते, माणसे होती. पण त्यांना घालायला अंगच नव्हते. ज्यावर पंप जोडले जात, तो कामाचा पट्टा थांबला. माणसे हातावर हात ठेवून बसली. मागच्या रस्त्याला भट्टी होती, आमच्या शेडमध्ये फुटक्या बिडाचा ढीग होता, आणि साहेब लोक टेलिफोनवर समुद्रापलीकडे विनवण्या करत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असे म्हणतात. इथे तर कळसा फोडून वळसा चालला होता.

अशातच ती दुपार आली. शेडसमोरच पॅकिंगची खोली होती. जावई अंगणातून धावत आला. कोट कुठेतरी राहिला होता, सदरा घामाने चिकटला होता. मी त्याला कधी धावताना पाहिले नव्हते.

"आई! आई, हिला सकाळीच प्रसूतिगृहात नेलंय."

मावशी हातातले रिकामे खोके टाकून बाहेर आल्या. "दिवस भरले नाहीत अजून. काय झालं?"

"रक्तदाब वाढलाय. शस्त्रक्रिया करावी लागेल म्हणतात. पण तिथला पंप बंद पडलाय. खालची टाकी भरलेली आहे आणि वर थेंब नाही. डॉक्टर म्हणतात, पाण्याशिवाय मी हात लावू शकत नाही. आणि हिला दुसरीकडे हलवायलाही नको म्हणतात."

"पंप कुणाचा?"

जावयाने मान खाली घातली. "आपलाच. नवा. चिकटवलेला."

"मग गोदामातून दुसरा न्या!"

"गोदामात एकही नाही. पट्टा बंद आहे. सगळ्या दुकानांत विचारून आलो. कुठेच नाही."

मावशींच्या तोंडून शिवी गेली. ती मी इथे सांगणार नाही, पण ती योग्य होती. त्या तशाच शेडकडे वळल्या. आत ढीग होता, आणि ढिगात एकही अंग अखंड नव्हते. थोरला घणवाला बाजूला उभा राहून बघत होता. मावशींनी दाराला हात टेकला, दार हलले नाही, म्हणून त्यांनी खाली पाहिले.

"ठोंब्या?" त्या म्हणाल्या. "अरे, तू आहेस होय!"



त्यांनी मला तिथेच जमिनीवर आडवे केले. खिशातला पाना काढला. माझे बोल्ट गंजले होते. घणवाल्याने तेलाचा डबा आणून दिला. "नीट धरा, हलू देऊ नका," मावशी जावयाला म्हणाल्या. खरेदीसाहेब मातीत गुडघे टेकून बसला आणि त्याने मला दोन्ही हातांनी कवटाळले. बोल्ट करकरले, हलले, निघाले. मी उघडलो. माझी तार शाबूत होती. झिजले होते ते बेअरिंगच.

"बेअरिंग कुठून आणायचं आता?" जावयाने विचारले.

"कुठून म्हणजे? मेलेल्यांच्यातून," मावशी म्हणाल्या आणि त्यांनी ढिगाकडे बोट दाखवले.

घणवाल्याने ढिगात हात घालून माझ्या मापाचे बेअरिंग शोधून दिले. पाणी गळू न देणारे एक रबरी सीलही मिळाले. आज माझ्या पोटात जे फिरते आहे, ते कोणा फुटलेल्या भावाचे आहे. तो भाऊही चालूच होता, नाहीतर त्याचे बेअरिंग इतके गुळगुळीत कसे असते?

भिंतीतल्या वीजजोडणीवर त्यांनी मला लावून पाहिले. मी आधी घुरघुरलो, मग फिरलो. जावई रडत होता की घाम पुसत होता, ते कळले नाही.

मला हातगाडीवर घालून ते फाटकापाशी उभ्या असलेल्या जावयाच्या मोटारीजवळ आले आणि तिथे कारखान्याचा रखवालदार आडवा आला. म्हातारा, ताठ, मिशाळ गृहस्थ.

"साहेब, शेडमधला माल बाहेर सोडता येत नाही."

"बाबा, घाई आहे. दार उघडा."

"तुम्हीच सांगितलंय, साहेब. इथे, याच जागी उभं राहून. काही झालं तरी सोडायचा नाही, म्हणालात."

"सांगितलं होतं," जावई म्हणाला. त्याचा आवाज फाटला. "चुकीचं सांगितलं होतं. माझी बायको तिकडे पडलीय हो, तिला पाणी नाही. दार उघडा."

"माझी नोकरी जाईल, साहेब."

"मी जबरदस्तीने नेला म्हणून सांगा."

रखवालदाराने मला उचलून मोटारीत ठेवू पाहणाऱ्या जावयाकडे बघितले. मी काही हलका नाही. जावई अर्ध्यातच अडकला होता. "जबरदस्तीनं?" म्हातारा म्हणाला. "तुम्हाला तर तो उचलतही नाहीये. कोण विश्वास ठेवील?" आणि पुढे होऊन त्याने माझी दुसरी बाजू धरली. दोघांनी मिळून मला मोटारीत ठेवले. मग त्यानेच फाटक उघडले.

प्रसूतिगृहाची पंपाची खोली तळघरात होती. तिथे चिकटवलेला तो नवा पंप गप्प बसला होता. गोरा, गुळगुळीत, एकही ओरखडा नसलेला. माझा धाकटा भाऊच म्हणायचा. मावशींनी त्याला बाजूला काढले, त्याच्या जागी मला बसवले, नळ्या जोडल्या आणि त्या खटक्यापाशी गेल्या. मग त्यांनी खटका दाबला.

मी आयुष्यात इतका जोर कधी लावला नव्हता. चार मजले काहीच नव्हते. त्या दिवशी मी आकाशापर्यंत पाणी चढवले असते. थोड्या वेळाने वरून एका आयाबाईंचा आवाज जिन्यातून घुमत खाली आला, "आलं! पाणी आलं!" मग धावपळीचे आवाज, बादल्यांचे आवाज, कुणाचे तरी हसणे. मावशी माझ्या शेजारी ओल्या फरशीवर बसून राहिल्या. त्या वर गेल्या नाहीत. माझ्यावर हात ठेवून बसल्या होत्या. मी थांबू नये म्हणून असेल.

संध्याकाळी जावई जिना उतरून आला. "मुलगी झाली," तो म्हणाला. "दोघी बऱ्या आहेत. चला ना आई, वर चला. नातीचं तोंड बघा."

मावशींनी डोळे पुसले. "येते. बघणार तर आहेच. पण आधी एक सांगा. बाकीच्यांचं काय?"

"कुणाचं?"

"जिथे जावई खरेदीसाहेब नाही आणि सासूच्या खिशात पाना नाही, त्या दवाखान्यांचं. तिथल्या पोरींनी काय करायचं, जावईबापू?"

जावई पायरीवर खाली बसला. मावशींनी कोपऱ्यातली लोखंड कापायची करवत घेतली आणि त्या धाकट्या पंपाचे झाकण त्याच्यासमोर कापायला सुरुवात केली. उघडायचा दुसरा मार्गच नव्हता. बराच वेळ करकर चालली. झाकण निघाले तेव्हा आतली तार नव्या नवरीच्या दागिन्यांसारखी चमकत होती. पंखा नवा, दांडा नवा. फक्त अंगठीएवढे एक रबरी सील चिरले होते. ते बदलायला चहा गार होण्याइतकाही वेळ लागला नसता. पण ते बदलण्यासाठी अंग कापावे लागले, आणि कापलेले अंग पुन्हा जुळत नाही. माझा धाकटा भाऊ बिघडून मेला नाही. त्याला बंद करून जन्माला घातला होता, म्हणून तो मेला. त्याच्या जन्मदात्यांनीच त्याची तिरडी बांधून ठेवली होती.

"वर चला," मावशी शेवटी म्हणाल्या. जावयाने तो कापलेला पंप बरोबर घेतला.

पुढचे मला मावशींकडूनच कळले. त्या मला तपासायला अधूनमधून येतात आणि हात चालू असताना तोंडही चालू असते. दुसऱ्याच दिवशी जावई तो कापलेला पंप घेऊन नव्या मालकाच्या खोलीत गेला. मालक म्हणाला, "एका दवाखान्यासाठी धंदा बदलायचा का?" जावई म्हणाला, "माझ्या मुलीचा जन्म तुम्ही फोडायला काढलेल्या पंपाच्या पाण्यावर झाला. यापुढे मी फोडायच्या हुकुमावर सही करणार नाही." शेडमधला माल बाहेर नेल्याबद्दल त्याची खरेदीसाहेबाची खुर्ची गेली. रखवालदाराला मात्र काही झाले नाही, कारण जावयाने सगळा दोष स्वतःवर घेतला.

पण प्रसूतिगृहाच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी चिकटवलेले पंप घ्यायचे बंद केले. धोबीखान्याने आणि रोपवाटिकेनेही 'उघडणारे पंप द्या, नाहीतर राहू द्या' असे कळवले. कामाचा पट्टा तर बंदच होता. शेवटी मालकाला मागच्या रस्त्यावरची भट्टी आठवली. मन बदलले म्हणून नव्हे. नाइलाज झाला म्हणून. बिनभुवयांचे काका एवढेच म्हणाले, "देतो. पण तुमचं फुटकंतुटकं बीड मला परत आलं पाहिजे. आणि झाकण बोल्टाचं." दुरुस्ती विभागाचे टाळे निघाले आणि मावशी आपल्या टेबलापाशी परतल्या. जावई आता काकांबरोबर असतो. गावोगावच्या दुकानांतून थकलेले पंप गोळा करून, परतणाऱ्या रिकाम्या ट्रकांतून तो ते घेऊन येतो. थोरल्या घणवाल्याने घण ठेवून दिला आणि मावशींच्या हाताखाली पाना घेतला. त्याच्या घरी आता पंप आहे. त्याने स्वतः उघडून नीट केलेला.

तुम्ही म्हणाल, मग तुझा राग गेला असेल. नाही गेला! कारण चिकटवलेले पंप अजूनही निघतात. थोडे कमी, पण निघतात. ते बिघडले की मावशींच्या टेबलावर येतात, आणि मावशी त्यांना उलटेसुलटे करून बघतात, आणि बोल्ट कुठेच सापडत नाही. मग त्या त्यांना बाजूला ठेवतात. ती रांग वाढत चालली आहे. आणि फाटकावर नवा फलक लागला आहे, त्यावर हिरव्या पानाच्या जोडीला आता दुरुस्ती विभागाचे चित्रही आहे. ज्या विभागाला यांनीच टाळे ठोकले, त्याचे चित्र!

मित्रांनो, तुम्ही लहान आहात. कारखाने तुमच्या हातात नाहीत. पण उद्या तुमच्यातलेच कोणी वस्तू घडवतील, कोणी खरेदी करतील, कोणी हुकुमांवर सह्या करतील. घडवणाऱ्यांनो, आम्हाला उघडता येईल असे घडवा. विकणाऱ्यांनो, आम्हाला परत घ्या; परत घेतल्यावर आधी आत डोकावून पहा आणि मग हात उगारा. आणि विकत घेणाऱ्यांनो, दुकानात मोठ्यांचे बोट धरून जाल तेव्हा दुकानदाराला स्पष्ट विचारा, "हे बिघडलं तर उघडतं का? उघडलं तर याचा भाग मिळतो का? मेलं तर तुम्ही परत नेता का?" तो हसेल. हसू द्या. पुन्हा विचारा. तुमच्या पाठोपाठ दुसऱ्याने विचारले, तिसऱ्याने विचारले, की त्याचे हसू मावळेल आणि तो हाच प्रश्न कारखान्याला विचारू लागेल.

माझ्यावर दया करू नका. मला दया नको, थोडे तेल आणि वेळेवर एक बेअरिंग हवे. बस्स. वर आयाबाई हाका मारत आहेत, गच्चीवरची टाकी तळाला गेली आहे, आणि दुसऱ्या मजल्यावर कुणाचे तरी बाळ येऊ घातले आहे. आता बाजूला व्हा आणि तो खटका दाबा.